वर कुणी राहिलं नाही

१

रोज दुपार कलली की मी फोन उचलून एकच वाक्य बोलायचो, "वर कुणी राहिलं नाही." पलीकडून मधल्या चौकीतला माणूस तेच परत बोलायचा, आणि मी फाटकाला कुलूप घालायचो. एकवीस वर्षं. बायको म्हणते, मी झोपेतसुद्धा हेच बोलतो, आणि पलीकडून कुणी उत्तर देत नाही म्हणून झोपेत चिडतोही.

आमचा डोंगर चार धर्मांचा. एक म्हणतात, वर देव झोपतो. दुसरे म्हणतात, पहिला माणूस आकाशातून तिथंच उतरला. तिसऱ्यांचा कुणी साधू वर बसल्या बसल्या दिसेनासा झाला. चौथे काहीच सांगत नाहीत, नुसते वर जातात आणि डोळे पुसत खाली येतात. चौघांचं आपसात कधी पटलं नाही. घंटा असावी की नसावी, झाडू कुणी मारायचा, सगळ्यावर वाद. एकदा वरच्या कठड्याला चार रंगांचे चार पट्टे मारले, मग कुठला पट्टा सगळ्यात वर यायला हवा होता यावरून सहा महिने एकमेकांशी अबोला.

एकाच गोष्टीवर चौघांचं एकमत. सूर्य बुडल्यावर शिखरावर माणूस नको. का नको ते प्रत्येकजण वेगळं सांगतो, पण नको म्हणजे नको.

म्हणून पायथ्याला फाटक, फाटकाला लागून खोली, आणि खोलीत मी. मला ठेवलं कारण मी चौघांपैकी कुणाकडेच जात नाही. एकाचा माणूस ठेवला असता तर उरलेल्या तिघांची तोंडं वाकडी झाली असती. माझी शाळा दुसरीतच सुटली. अक्षरं मला बघून पळतात, आकडे तेवढे जागेवर थांबतात. एवढं शिक्षण त्या कामाला पुरतं.

खोलीत भिंतभर लाकडी फळी. फळीवर दोनशे खिळे, प्रत्येक खिळ्यावर पितळेचा गोल बिल्ला, बिल्ल्यावर ठोकलेला आकडा. वर जाणाऱ्याला बिल्ला द्यायचा, उतरला की परत घ्यायचा, त्याच्या खिळ्यावर अडकवायचा. गर्दी असली तर लोक खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीत टाकून जातात. त्या पेटीची फट फाटकाच्या आत, डोंगराच्या बाजूला आहे. चार वाजता फळी बघायची. भरली असली तर फोनवर ते वाक्य. एखादा खिळा रिकामा असला तर चौकीवाल्यानं शिखरापर्यंत जाऊन, हाका मारून, सगळे कोपरे बघून यायचं. उजेड आहे तोवर. कुलूप लागलं तरी मी दिवस बुडेपर्यंत खोलीतच बसायचं. काम एवढंच.

चौकीवाला म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. उंच, सरळ आणि जरा भोळा. आता तुम्हीच सांगा, असा माणूस रोज फोनच्या पलीकडे बसलेला असताना माझ्यासारख्यानं काय करावं?

२

मी एक बिल्ला खिशात घालायचो. बस, एवढंच. मग फोन करायचो, "अरे, एक कमी आहे रे." मेहुणा कण्हत, धापा टाकत शिखरावर जायचा, अर्धा तास कुणाकुणाला हाका मारायचा, परत यायचा. "दाजी, वर कुणी नाही." मग मी म्हणायचो, "अरेच्चा, माझ्या खिशातच होता की." पलीकडून जे ऐकायला मिळायचं ते माझ्या सासऱ्यांनी ऐकलं असतं तर पोराला घराबाहेर काढलं असतं.

एकदा तर बायकोला फाटकावर बसवून मी सकाळीच वर जाऊन एका खडकामागं दडून बसलो, बिल्ला खिशात. तो हाका मारत आला, आणि मी तिकडून कण्हल्यासारखा आवाज काढला. तो इतका पळाला की चौकीच्या दाराला धडकला. कपाळाची खूण अजून आहे. दोन महिने माझ्याशी बोलला नाही. बायकोही बोलली नाही, पण ती दोनच दिवस.

आता जादा बिल्ल्यांचं सांगतो. लोक विसरभोळे. पाचपन्नासातला एखादा बिल्ला खिशात घालून तसाच घरी जातो. मग खिळा रिकामाच. म्हणून मी भांडीवाल्याकडून काही बिनआकड्याचे बिल्ले करून घेतले होते आणि एका डब्यात ठेवले होते. नियम असा की आधी शिखर बघून यायचं, वर कुणी नाही याची खात्री करायची, आणि मगच त्या खिळ्यावर जादा बिल्ला लावायचा.

त्या दिवशी धुकं होतं. चार वाजता फळी बघितली, एकशे बाराचा खिळा रिकामा. मी खिसे चाचपले. त्या दिवशी मी काहीच लपवलं नव्हतं. पेटी बघितली, टेबलाखाली बघितलं. मग फोन केला.

"एक कमी आहे."

पलीकडे हसू. "दाजी, खिशात हात घाला."

मी सांगितलं, थट्टा नाही. तो म्हणाला, कपाळावरची खूण विचारतेय, थट्टा नाही का. मी बायकोची शपथ घेतली. तो म्हणाला, मागच्या वेळीही तिचीच घेतली होती, बिचारी माझी बहीण, किती वेळा मरेल. गुडघा सुजलाय, धुकं आहे, मी येत नाही, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही.

मी थोडा वेळ फळीसमोर उभा राहिलो. मग डबा उघडला, एक बिनआकड्याचा बिल्ला काढला आणि एकशे बाराच्या खिळ्यावर अडकवला. तसं आधी कधी केलं नव्हतं असं नाही. पाऊस असला, त्याचा गुडघा दुखत असला, मला घाई असली, की व्हायचं एखादे वेळी. कधी कुणी विचारत आलं नव्हतं.

फळी भरली. भरलेली फळी फार छान दिसते. मी कुलूप घातलं.

३

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ. लोक गेले, लोक आले. चार वाजता फळी भरलेली. मेहुण्यानं फोनवर विचारलं, काय दाजी, कालचा सापडला का खिशात? मी म्हटलं, सापडला. दोघं हसलो.

फाटकाला कुलूप होतं. मी चहा घेत बसलो होतो, सूर्य जाऊन जरासाच वेळ झाला होता, बाहेर अजून दिसत होतं. आणि पेटीत टण् असा आवाज झाला.

हा आवाज मी दिवसातून शंभर वेळा ऐकतो. म्हणून पहिल्यांदा काही वाटलंच नाही. उठलो, पेटी उघडली, बिल्ला उचलला, फळीकडे वळलो. तेव्हा लक्षात आलं की खिळाच रिकामा नाही.

बिल्ला हातात गार होता, रात्रभर बाहेर ठेवलेल्या भांड्यासारखा. आणि झिजलेला. आकड्याच्या जागी बोट फिरवलं तर सुरुवातीचा एक लागला असं वाटलं, पुढं सगळं गुळगुळीत. कुणीतरी अंगठ्यानं घासत बसावं तसा.

मला आधी काय झालं म्हणाल तर हायसं वाटलं. म्हटलं, घरी घेऊन गेलेला आणून टाकला वाटतं. भला माणूस. खिडकी उघडून त्याला हाक मारणार होतो. मग आठवलं, पेटीची फट आतल्या बाजूला आहे. फाटकाच्या आत. मी खिडकीतून बघितलं. पायऱ्या वर जात होत्या, त्यांच्यावर कुणी नव्हतं. पायऱ्या ओल्या होत्या, पण त्या रोजच ओल्या असतात.

म्हटलं, दिवसाच कुणीतरी टाकला असेल, फटीत अडकला असेल, आता पडला. पटण्यासारखं आहे ना? मलाही पटलं. बिल्ला मी खोलीमागच्या ओढ्यात फेकून दिला. का फेकला, तो फळीखाली का ठेवला नाही, हे मला विचारू नका. त्या वेळी मीही स्वतःला विचारलं नाही.

४

तिसऱ्या दिवशी एक बाई आली. चाळिशीची, हातात कापडी पिशवी. तिनं विचारलं की तिचे वडील इथं आले होते का. धुक्याच्या दिवशी घरून निघाले, डोंगरावर जाऊन येतो म्हणाले, अजून परत नाहीत. चष्मे बनवायचे. टोपी, करडा कोट.

मी फळीकडे बोट केलं. बाई, ही बघा फळी. सगळे बिल्ले जागेवर, म्हणजे सगळे उतरले. ती फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग ठीक आहे. म्हणजे इथून तरी नीट गेले."

ठीक आहे म्हणाली. मी मान हलवली.

आता मी तुम्हाला एक सांगतो, जे मी तिला सांगितलं नाही. मला तो माणूस चांगला आठवत होता. रोज शेदीडशे चेहरे बघतो, पण हा आठवत होता, कारण बिल्ला घेता घेता त्यानं माझ्या चष्म्याकडे बघितलं. माझ्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो हसला, खिशातून बारीक पेचकस काढला, आणि मग मागची रांग बघून परत ठेवला. म्हणाला, "उतरताना बसवून देतो." आणि मी त्याला माझा नेहमीचा विनोद ऐकवला. सगळ्यांनाच ऐकवतो. म्हटलं, वर आवडलं तर राहा तिथंच, घाई नाही.

काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली होती. म्हणजे तो बिल्ला घेऊन घरी गेला असेल वगैरे मी स्वतःला जे सांगत होतो, ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या चष्म्यातूनच मी भरलेल्या फळीकडे बघत होतो.

बाई परत गेली नाही. फाटकाबाहेरच्या बाकावर बसली. गावात चौकशी केली, बसवाल्यांना विचारलं, संध्याकाळी पुन्हा येऊन बाकावर. मी विचारलं, इथं का बसताय? म्हणाली, त्यांना शेवटचं तुम्हीच पाहिलं असेल ना काका, म्हणून.

५

त्या संध्याकाळी पुन्हा टण्.

ती बाहेर बाकावर, मी आत, आणि पेटी माझ्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. तिनंही ऐकलं. तिला वाटलं माझंच काही पडलं. मी पेटी उघडली. बिल्ला. गार. आणि आणखी झिजलेला. आदल्या दिवशी निदान एक लागत होता, आता काहीच नाही. कड इतकी पातळ की बोट कापेल.

मी ओढ्यात फेकलेला बिल्ला परत आला, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आणि एका दिवसात इतका कसा झिजला? पितळ झिजायला वर्षं लागतात. मी हिशोब करत बसलो. वर एक रात्र म्हणजे किती वर्षं होत असतील? मग स्वतःलाच म्हटलं, म्हाताऱ्या, तू कधी देवळात गेला नाहीस आणि आता हे काय? उंदीर असतील. उंदीर चकचकीत वस्तू नेतात. ओढ्यातून बिल्ला काढून, घासून, फटीतून टाकणारा उंदीर. मला हसू यायला हवं होतं.

पुन्हा फेकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्या वेळी तर नुसता पत्रा, नखासारखा. खिळ्यावर अडकवायचं भोकसुद्धा झिजून मोठं झालेलं.

घरी जेवताना बायको माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बरं नाही का? चार दिवसांत एकही थट्टा केली नाहीत. मी म्हटलं, म्हातारा झालो. ती म्हणाली, ते कधीच झालात. मग माझा हात धरला. मी ताटाच्या कडेवर अंगठा घासत होतो. किती वेळ, कुणास ठाऊक. अंगठा लाल झाला होता.

रात्री ती झोपल्यावर मी पडून राहिलो. आमच्या घरातून डोंगर दिसत नाही, ते एक बरं. तरी कान तिकडेच.

६

सहाव्या दिवशी सकाळी मी मधल्या चौकीवर चढून गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मेहुणा गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मला बघून आधी त्यानं दारामागं बघितलं, मी काही ठेवलंय का म्हणून.

मी सगळं सांगितलं. एकशे बारा, डबा, चष्मेवाला, बाई. तो पहिल्यांदा हसत ऐकत होता. मग हसू गेलं, पण तोंड तसंच उघडं राहिलं. तो म्हणाला की या दिवसांत तो रोज सकाळी शिखरावर जातो, झाडून येतो, वर एक माणूस काय, चिमणी नाही. बाईही दोनदा जाऊन आली, तिनंही सगळे खडक बघितले. दिवसा वर कुणी नाही.

मग तो खाली बघून तेल चोळायला लागला. दुसऱ्याच, चांगल्या गुडघ्याला.

"दाजी, त्या धुक्याच्या दिवशी वरून कुणीतरी हाका मारत होतं."

तेल संपलं होतं तरी त्याचा हात फिरतच होता.

"बराच वेळ. वाट कुठाय म्हणून विचारत होतं. मला वाटलं तुम्हीच आहात. मी दार लावून घेतलं आणि रेडिओ मोठा केला."

 चौकीत एक खाट, एक स्टोव्ह, एक फोन. बाहेर लोक जात होते, येत होते, कुणी पायऱ्यांवर प्रार्थना म्हणत होतं. मेहुण्यानं विचारलं, आता काय करायचं. मी म्हटलं, दिवसा कुणी नाही तर दिवस बुडाल्यावर बघायचं. तो म्हणाला, तसं कुणी करत नाही. मी म्हटलं, कुणी करत नाही म्हणूनच तर तो तिथं राहिला असेल. तो म्हणाला, मी कंदील घेऊन चौकीच्या दारात उभा राहीन, पण वर येणार नाही, दाजी, शपथ घालू नका. मी घातली नाही. माझ्या शपथेला आता काय किंमत होती?

७

खाली येऊन मी बाकावर त्या बाईच्या शेजारी बसलो. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली. चढून-उतरून दम लागला होता ना. तेच अवघड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं.

मी तिला सांगितलं. सगळं नाही, पण खिळा रिकामा होता आणि मी तो भरला, वर कुणी बघायला गेलं नाही, एवढं सांगितलं. आमच्या थट्टेचंही सांगितलं. बिल्ला परत येतो ते सांगितलं.  मला वाटलं, आता रडेल, नाहीतर चारही धर्मांच्या वडीलधाऱ्यांकडे जाईल, माझी नोकरी जाईल, मेहुण्याची जाईल. जायलाच हवी होती.

ती म्हणाली, "मग आता जा. आणा त्यांना."

चार वाजता फळी भरली. मी फोन उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मला बोलता आलं नाही. मेहुण्यानंही विचारलं नाही. आम्ही दोघं फोन कानाला लावून बसलो, मग त्यानं हळूच ठेवला. मी कुलूप घातलंच नाही. फाटक उघडं ठेवलं, बाईला म्हटलं, इथंच थांबा, आत येऊ नका. आणि पायऱ्या चढायला लागलो.

चौकीशी मेहुणा कंदील घेऊन उभा होता. सूर्य बुडत होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शिखर म्हणजे काय, उघडा खडक आहे. एका अंगणाएवढा. कठडा, त्याच्यावर ते चार पट्टे. दिवसा तिथं माणसं मुंग्यांसारखी असतात. आता वारासुद्धा नव्हता. उजेड संपत आला होता, पण दिसत होतं. मी हाक मारली. चष्मेवाले, म्हटलं. नाव मला ठाऊक नव्हतं. मी बाईला विचारलंच नव्हतं.

उत्तर आलं नाही. आवाज आला. खस, खस, खस.

कठड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून, कुणीतरी बसलेलं होतं. मी आल्यापासून तिथं होतं की आत्ताच आलं, सांगता येत नाही. खांदे दिसले. डोकं खाली. एक कोपर हलत होतं, एकसारखं. खस, खस. त्यानं मान वळवली नाही. नुसतं विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं लोक खिडकीशी विचारतात.

"मोजलंत का मला?"

माझ्या जिभेवर नेहमी काहीतरी असतं. त्या वेळी काही नव्हतं. मी म्हटलं, "मोजलं. चला खाली."

आणि मी वळून पायऱ्या उतरायला लागलो. मागं बघितलं नाही. पायऱ्या ओल्या असतात, पुढं बघूनच उतरावं लागतं, असं मी मनाशी म्हणत होतो. मागून पावलं यायला लागली. सावकाश. एकेक.

चौकीशी आलो तर दार बंद. दाराखालून कंदिलाचा उजेड येत होता. मी म्हटलं, अरे, मी आहे. आतून कडी हलली नाही. मेहुण्याचा आवाज आला, दाराला अगदी चिकटून.

"दाजी, बरोबर किती जण आहेत?"

"एक," मी म्हटलं.

 मी थोडा वेळ थांबलो. आत कंदील विझला.

८

खालपर्यंत मी काय विचार करत होतो सांगू? मी खुश होतो. खरंच. भीती होती, पण आत कुठंतरी वाटत होतं, सुटलो. नेऊन देतो. बाई रडेल, बाप जरा घासला-झिजला असेल, काही बोलणार नाही, पण घरी जाईल. उद्या चौघांना सगळं सांगून टाकीन. मनातल्या मनात मी ते सांगत होतो आणि त्यांची तोंडं कशी होतील ते बघत होतो. असा माणूस मी.

फाटक दिसलं. बाई उंबऱ्याशी उभी होती, आत पाऊल न टाकता, मी सांगितलं होतं तशी. अंधारल्यामुळं तिला मी दिसत होतो की नाही कुणास ठाऊक. तिनं मान कलती केली. ऐकत होती.

मी म्हटलं, आणलं बाई.

ती तरी ऐकतच राहिली. मागची पावलं पायऱ्यांवरून येत होती. सारखी, एका मापाची.

"काका," ती म्हणाली, "माझे बाबा डावा पाय ओढत चालतात."

मी थांबलो. मागची पावलं थांबली नाहीत. ती माझ्या अगदी पाठीशी आली, आणि मग अंगावरून काहीतरी गार गेलं, ओल्या कपड्यासारखं. उंबरा ओलांडताना एक हात मला दिसला, नुसता हात. अंगठा पहिल्या पेरापर्यंत नव्हता. कापलेला नव्हता. गुळगुळीत होता.

बाई बाजूला झाली. तिनं त्या माणसाला वाट दिली, एखाद्या म्हाताऱ्याला देतात तशी. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. नाही. मग माझ्याकडे वळली.

"असं किती वेळा केलंत?"

एकदाच, असं माझ्या तोंडात आलं होतं. गेले सहा दिवस मी मनात एकदाच म्हणत होतो. आता आठवायला लागलं. वादळाच्या दिवशी एक. बायकोच्या आजारपणात घाई होती तेव्हा एक, कदाचित दोन. मेहुणा बोलत नव्हता त्या दोन महिन्यांत, फोन उचलत नव्हता तेव्हा किती, ते मला आठवत नाही. मी ज्याला सारखा परत येणारा एकच बिल्ला समजत होतो, तो एकच नव्हता. रोज वेगळा होता. जो जितका आधी राहिला, त्याचा तितका झिजलेला. त्यांच्यासाठी कुणी विचारत आलं नव्हतं, एवढंच. आणि मी म्हणत होतो की कधी काही झालं नाही.

मी बोटं मोजत होतो. ती बघत होती. एक हात संपला, मी दुसऱ्या हातावर आलो.

तेव्हा वर पायऱ्यांवर पुन्हा पावलं वाजली. मग त्यांच्या मागं आणखी. कुणी जड, कुणी हलकं, एक तर अगदी लहान चालीचं, बायकी. मी वर बघितलं नाही. फाटकाचं दुसरं दार ओढलं, दोन्ही दारं सताड उघडी केली आणि पाठ लावून धरून उभा राहिलो, डोळे जमिनीवर. ते येत होते, माझ्या अंगावरून गार जात होते. प्रत्येकाला बाई वाट देत होती. प्रत्येकाकडे बघत होती. मला तिचे पाय तेवढे दिसत होते, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज ऐकू येत होता, हलका, जणू त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून.

"नाही."

"नाही."

"हे पण नाहीत."

मग पावलं संपली. डावा पाय ओढणारं त्यांत एकही नव्हतं. पायऱ्या रिकाम्या झाल्या, ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू यायला लागलं. मी डोळे वर केले. ती उंबऱ्याच्या आत आली होती, आणि अजून वरच बघत होती.